रडारने वाचलेली चंद्रभूमी

दुर्बिणीतून दिसणारा चंद्र हा सूर्यप्रकाशात उजळलेला चंद्र असतो, आणि म्हणून त्याच्याविषयी दुर्बीण जे सांगते त्यालाही सूर्यप्रकाशाच्याच मर्यादा पडतात. जिथे ऊन पोचत नाही तिथे दुर्बीण आंधळी ठरते. जिथे पोचते तिथेही प्रकाशकिरण धुळीच्या अगदी वरच्या पापुद्र्यावरून माघारी फिरतात, त्यामुळे ती धूळ बोटभर जाड आहे की पुरुषभर खोल, तिच्याखाली अखंड कातळ आहे की धोंड्यांचा खच, हे छायाचित्रावरून ठरवता येत नाही. या दोन्ही अडचणींवर गेल्या ऐंशी वर्षांत सर्वांत समर्थ ठरलेले साधन म्हणजे रडार होय. रडार स्वतःच्या रेडिओ लहरी सोबत घेऊन जाते, त्यामुळे त्याला सूर्याची गरज नसते; आणि त्या लहरी प्रकाशाच्या लहरींपेक्षा लाखो पटींनी लांब असल्यामुळे कोरड्या धुळीत त्या काही अंतर आत शिरतात, तिथल्या दगडांवर आपटतात आणि मगच परततात.

मूळ कल्पना साधी आहे. रेडिओ लहरींचा एक छोटा स्पंद चंद्राकडे सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी येईपर्यंत थांबायचे. या लहरी सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातात आणि चंद्राचे सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर आहे, म्हणून जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. कठीण असते ते परत येणारी क्षीण लहर ओळखणे, कारण जाताना झोत पसरतो आणि चंद्रावरून विखुरलेल्या लहरी परतताना पुन्हा पसरतात. या दुहेरी पसरण्यामुळे प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते: अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळा पटींनी दुबळा होतो. चंद्राइतक्या अंतरावरून परतणारी ऊर्जा इतकी अत्यल्प असते की ती ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या खरखरीतून वेगळी काढावी लागते.

हे प्रथम साधले ते 10 जानेवारी 1946 रोजी. दुसरे महायुद्ध संपून काही महिनेच झाले होते, आणि अमेरिकी सैन्याच्या संदेशदळातील जॉन डेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू जर्सी राज्यातील कँप इव्हान्स येथे युद्धकालीन रडारमध्ये फेरफार करून ते चंद्राकडे रोखले. त्यांचा अँटेना फक्त क्षितिजाच्या दिशेने वळवता येत असल्यामुळे प्रयोग चंद्रोदयाच्या किंवा चंद्रास्ताच्या वेळीच करता येई. पाव सेकंदाचे स्पंद सोडले जात आणि अडीच सेकंदांनी पडद्यावर प्रतिध्वनीची खूण उमटे. पुढच्याच महिन्यात हंगेरीत झोल्टान बाय यांनी अनेक प्रतिध्वनींची बेरीज करून खरखरीतून खरी खूण वर काढण्याची युक्ती वापरून हेच यश मिळवले. साधनसामग्रीची चणचण असताना केलेला हा प्रयोग अमेरिकी प्रयोगाइतकाच मोलाचा मानावा लागेल, कारण पुढे सारे ग्रहीय रडारशास्त्र या बेरजेच्या तत्त्वावरच उभे राहिले.

या प्रयोगांनी चंद्र लहरी परतवतो एवढे सिद्ध झाले, परंतु चंद्राचा कोणता भाग किती परतवतो हे कळण्याची सोय त्यांत नव्हती. त्या काळच्या रडारचा झोत चंद्रबिंबाहून कितीतरी रुंद होता, म्हणजे साऱ्या बिंबाचा प्रतिध्वनी एकत्रच हाती येई. त्यातून नकाशा काढण्याची जी रीत 1960 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत गॉर्डन पेटेंगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली, ती या विषयातील सर्वांत सुंदर कल्पना आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल.

चंद्र गोल असल्यामुळे त्याच्या बिंबाचा मध्य पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि कडा सुमारे 1,737 किलोमीटर मागे असते. त्यामुळे मध्यावरचा प्रतिध्वनी सर्वांत आधी येतो आणि कडेचा त्यानंतर साधारण 11.6 सहस्रांश सेकंदांनी येतो. या दोहोंच्या मधल्या प्रत्येक क्षणाला बिंबावरचे एकेक समकेंद्री वलय उत्तर देत असते. म्हणजे केवळ वेळ मोजून चंद्र वलयांत कापता येतो. दुसरी मोजणी वारंवारतेची असते. चंद्र सदैव एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो असे म्हटले जात असले, तरी त्याची कक्षा लंबवर्तुळाकार व कललेली असल्यामुळे आणि निरीक्षक स्वतः फिरत्या पृथ्वीवर असल्यामुळे चंद्र किंचित डोलताना दिसतो, आणि या डोलण्यात त्याची एक कड निरीक्षकाकडे सरकते तर दुसरी दूर जाते. जवळ येणाऱ्या भागावरून परतलेल्या लहरींची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे अतिशय थोडी वाढते आणि दूर जाणाऱ्या भागाची तेवढीच घटते. परिणामी बिंब समांतर पट्ट्यांतही कापले जाते. वलये आणि पट्टे जिथे एकमेकांना छेदतात ते ठिकाण निश्चित होते. अडचण एवढीच उरते की प्रत्येक वलय प्रत्येक पट्ट्याला दोन ठिकाणी छेदते, एकदा उत्तरेस आणि एकदा दक्षिणेस, म्हणून या दोहोंपैकी एकाकडेच झोत वळवता येईल इतका मोठा अँटेना लागतो. प्युर्टो रिको येथील 305 मीटर व्यासाच्या अरेसिबो दुर्बिणीने 1963 पासून ही गरज भागवली, आणि 1 डिसेंबर 2020 रोजी ती कोसळेपर्यंत चंद्राचे कितीतरी रडार-नकाशे तिच्याच झोतातून तयार झाले.

या रीतीचे पहिले मोठे फलित टायको विवराचे होते. पौर्णिमेच्या चंद्रावर दक्षिणेकडे जे तेजस्वी, किरणे फाकलेले विवर नुसत्या डोळ्यांनाही जाणवते, ते रडारमध्ये आसपासच्या प्रदेशाहून बरेच अधिक उजळ आढळले. याचे कारण खडबडीतपणात आहे. गुळगुळीत पृष्ठ लहरींना आरशाप्रमाणे एकाच दिशेने परतवते आणि ते पृष्ठ निरीक्षकाकडे तंतोतंत वळलेले नसेल तर प्रतिध्वनी दुसरीकडेच निघून जातो. याउलट लहरीच्या लांबीएवढ्या आकाराचे धोंडे विखुरलेले असतील तर ते लहरींना सर्व दिशांना उधळतात आणि त्यातला वाटा रडारकडेही परततो. टायको हे भूशास्त्रीय मापाने तरुण विवर असल्यामुळे त्याच्या भोवतीच्या धोंड्यांचा अजून पुरता चुरा झालेला नाही. म्हणजे रडारमधील उजळपणा हा विवराच्या वयाचाही अंदाज देतो.

प्रतिध्वनी किती प्रबळ असेल हे खडबडीतपणाबरोबरच पदार्थाच्या एका विद्युत् गुणधर्मावर अवलंबून असते. त्याला विद्युत्-अपारकता स्थिरांक म्हणतात. विद्युत्क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे ते माप आहे. निर्वात पोकळीसाठी हा अंक 1 असतो, घट्ट काळ्या पाषाणासाठी साधारण 6 ते 8, तर पाण्यासाठी सुमारे 80. चंद्राच्या मध्यावर सरळ आदळलेल्या लहरींच्या शक्तीपैकी केवळ सहा-सात टक्केच परततात असे मोजमापांतून दिसले आणि त्यावरून हा अंक 3 च्या आतबाहेर येतो. अखंड कातळ उघडा असता तर वीस टक्क्यांच्या जवळपास शक्ती परतली असती. अर्थ स्पष्ट होता: चंद्राचा माथा भुसभुशीत, सच्छिद्र पदार्थाने झाकलेला आहे. उल्कापातांनी कोट्यवधी वर्षे कुटलेल्या खडकांच्या या भुग्याला रेगोलिथ म्हणतात. 1955 मध्ये थॉमस गोल्ड यांनी चंद्रावरील सखल प्रदेशांत धुळीचे फार जाड थर असावेत असे मांडले होते आणि त्यावरून उतरणारे यान धुळीत रुतेल की काय ही भीती पसरली होती. रडारने भुसभुशीतपणाची खात्री दिली, परंतु ती धूळ यानाचे वजन पेलेल की नाही हे सांगणे रडारच्या आवाक्यातले नव्हते. त्याचे उत्तर 1966 मध्ये लुना 9 आणि सर्व्हेयर 1 ही याने सुखरूप उतरली तेव्हाच मिळाले.

रेडिओ लहरी जमिनीत किती खोल जातात हे जवळजवळ सर्वस्वी ओलाव्यावर ठरते, आणि हा मुद्दा खानदेशातील जमिनीशी तुलना केल्यास फार स्पष्ट होतो. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेल्या नशिराबादच्या परिसरात तापीच्या खोऱ्यातील काळी माती आहे. या मातीतील चिकण खनिजे पाणी धरून ठेवतात. पावसाळ्यात ती फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला भेगा पाडतात. अशी ओली माती 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरींना काही सेंटिमीटरांतच अडवते, कारण पाण्याचे रेणू लहरीची ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करतात, आणि मातीचा अपारकता स्थिरांक कोरडेपणी 3 च्या आसपास असतो तो भिजल्यावर वीसच्याही वर चढतो. भारत आणि अमेरिका यांनी मिळून उभारलेला आणि 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार उपग्रह याच बदलाचा उपयोग करून शेतजमिनीतील ओलावा मोजण्यासाठीही बनवला आहे; दर बारा दिवसांनी तोच प्रदेश पुन्हा पाहताना कपाशीच्या शेतातली जमीन किती ओलावली किंवा सुकली हे प्रतिध्वनीच्या चढउतारावरून ताडता येते. चंद्रावर पाण्याचा असा अडसर जवळजवळ नाहीच. म्हणून नशिराबादच्या शेतात वीतभरही न शिरणारी तीच 24 सेंटिमीटरची लहर चंद्राच्या धुळीत काही मीटर आत जाऊन परतते, आणि पृथ्वीवर जे साधन ओलाव्याचे मापक ठरते तेच चंद्रावर जमिनीखालचे दगड मोजणारे होते.

चंद्राची धूळ सर्वत्र सारखी पारदर्शक मात्र नाही. चंद्रावरचे काळसर डाग, ज्यांना सागर म्हणण्याची प्रथा आहे, ते काही अब्ज वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे मैदानी प्रदेश आहेत आणि त्यांचा खडक बेसाल्ट, म्हणजे सह्याद्री, सातमाळा आणि अजिंठा डोंगररांगांचा जो काळा पाषाण त्याच जातीचा आहे. फरक असा की अपोलो 11 ने आणलेल्या चंद्रसागरी बेसाल्टात टायटॅनियम ऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात आढळले, तर दख्खनच्या पाषाणात ते साधारणतः दोन-तीन टक्के असते. टायटॅनियम बाळगणारे इल्मेनाइट हे खनिज रेडिओ लहरी शोषते, त्यामुळे 70 सेंटिमीटर लहरींच्या नकाशात टायटॅनियमयुक्त सागर अधिक काळे दिसतात. एकाच नकाशात जमिनीचा खडबडीतपणा आणि तिचे रसायन असे दोन्ही मिसळलेले असते, आणि त्यांचा गुंता सोडवणे हे रडारतज्ज्ञाचे खरे काम होय.

दख्खनशी असलेले हे नाते आणखी एका निरीक्षणातून पुढे येते. अजिंठ्याच्या डोंगररांगांत घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्याकडे पाहिल्यास काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हाप्रवाह थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली आणि नव्या लाव्हाने ती गाडली, अशी त्या पट्ट्याची कथा आहे. जपानने 2007 मध्ये सोडलेल्या कागुया यानावर 60 मीटर लांबीच्या लहरी वापरणारे रडार होते, आणि त्याला चंद्रसागरांच्या पृष्ठाखाली काहीशे मीटर खोलीवर प्रतिध्वनी देणारे आडवे थर सापडले. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या खंडात उल्कापातांनी साचलेला आणि पुढच्या प्रवाहाने गाडलेला रेगोलिथ, असा त्यांचा अर्थ लावला जातो. खानदेशात हवा-पाण्याने जे घडवले ते चंद्रावर उल्कांच्या माऱ्याने घडवले. दोन्हीकडे थरांमधली ही फट म्हणजे ज्वालामुखीच्या विश्रांतीची नोंद आहे. खानदेशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवरही चंद्राच्या अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते, कारण बेसाल्टात उल्काघाताने झालेली आणि चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत.

भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा चंद्राशी पहिला मोठा संबंध आला तो मात्र वेगळ्या वाटेने. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटी येथे 1970 मध्ये उभी राहिलेली दुर्बीण चंद्राचा उपयोग पडद्यासारखा करी: चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ स्रोताचा संकेत कोणत्या क्षणी मालवतो हे टिपून त्या स्रोताची जागा आणि आकार ठरवला जाई. पुढे त्यांनीच जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. या दोन्ही दुर्बिणी आकाशाकडे कान लावणाऱ्या आहेत, झोत सोडणाऱ्या नव्हेत. चंद्राकडे रडारने पाहण्याचे भारताचे काम चांद्रयानांनी केले, आणि ते थेट चंद्राच्या सर्वांत वादग्रस्त प्रश्नाला भिडले.

तो प्रश्न ध्रुवांवरील बर्फाचा आहे. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी सूर्य कधीच पोचत नाही. तिथली थंडी इतकी तीव्र असते की एकदा अडकलेले पाणी अब्जावधी वर्षे टिकू शकते. अशा कायमच्या काळोखात रडार हे स्वाभाविक साधन ठरते, आणि बर्फ ओळखण्यासाठी ते लहरीच्या ध्रुवणाचा आधार घेते. रडार मळसूत्राप्रमाणे फिरत जाणारी लहर सोडते. सपाट पृष्ठावर एकदाच आदळून परतताना तिच्या फिरण्याची दिशा उलटते. दोनदा आदळली तर दोनदा उलटून मूळ दिशा परत येते. कॅरमच्या कोपऱ्याजवळ लगतच्या दोन कडांना आपटलेली सोंगटी जशी आल्या दिशेलाच समांतर माघारी येते, तशीच उभ्या धोंड्यावर आणि जमिनीवर आदळलेली लहर रडारकडे परतते. शुद्ध, जाड बर्फात लहर आत शिरून अनेक भेगा व कणांवरून वारंवार विखुरते आणि तिथेही मूळ दिशेचा वाटा वाढतो. मूळ दिशेची शक्ती भागिले उलटलेल्या दिशेची शक्ती या गुणोत्तराला वर्तुळाकार ध्रुवण गुणोत्तर म्हणतात, आणि ते 1 च्या पुढे गेले की बर्फाची शंका घेता येते. गुरूच्या हिमाच्छादित उपग्रहांवर असेच मोठे गुणोत्तर आढळले होते आणि बुध ग्रहाच्या ध्रुवांवरही 1991 मध्ये ते सापडले.

अडचण वरच्या वर्णनातच दडलेली आहे: धोंड्यांचा खचही हेच गुणोत्तर वाढवतो. 1994 मधील क्लेमेंटाइन यानाच्या रेडिओ संकेतांवरून दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ असावा असा दावा झाला, परंतु अरेसिबोच्या निरीक्षणांत तशाच खुणा ऊन पडणाऱ्या उतारांवरही दिसल्या, जिथे बर्फ टिकणे अशक्य आहे. 22 ऑक्टोबर 2008 रोजी निघालेल्या चांद्रयान-1 वर मिनी-सार हे अमेरिकेने दिलेले, सुमारे 12.6 सेंटिमीटर लहरींचे रडार होते. यान पुढे सरकत असताना घेतलेले अनेक प्रतिध्वनी जोडून, जणू फार लांब अँटेनाने पाहिल्यासारखी बारीक प्रतिमा तयार करण्याचे तंत्र त्यात होते. उत्तर ध्रुवाजवळ 2 ते 15 किलोमीटर व्यासाची चाळीसहून अधिक विवरे त्याला अशी आढळली की ज्यांच्या आत गुणोत्तर मोठे होते पण बाहेर नव्हते. ताज्या विवरात धोंडे आत-बाहेर दोन्हीकडे असतात, म्हणून केवळ आतली खूण बर्फाची समजली गेली, आणि बर्फ दोनेक मीटर जाड असल्यास एकूण साठा किमान 60 कोटी टन भरेल असा अंदाज मार्च 2010 मध्ये जाहीर झाला.

हा अंदाज वर्तमानपत्रांतून शोध म्हणून मिरवला गेला, परंतु तो सशर्त होता, आणि त्यातल्या शर्तीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पुढील काळात ध्रुवांपासून दूर, उन्हात तापणाऱ्या प्रदेशांतही आत उजळ आणि बाहेर मंद अशी विवरे सापडली. तिथे उतारावरून घसरून तळाशी साचलेले धोंडे हेच कारण असू शकते. उलट बाजूनेही पुरावा आला. 9 ऑक्टोबर 2009 रोजी अमेरिकेने दक्षिण ध्रुवाजवळच्या काबेअस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा मुद्दाम आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी आढळले, पण त्याच विवरात रडारला बर्फाची ठळक खूण दिसत नाही. म्हणजे धुळीच्या कणांत विखुरलेला बर्फ रडारच्या नजरेतून निसटतो आणि धोंडे बर्फाचे सोंग घेतात.

ही कोंडी फोडण्यासाठी अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्राने चांद्रयान-2 साठी दोन लहरींचे रडार तयार केले. 22 जुलै 2019 रोजी निघालेल्या या मोहिमेचे कक्षायान आजही चंद्राभोवती फिरत आहे. त्यावरचे रडार सुमारे 24 आणि 12 सेंटिमीटरच्या लहरी वापरते आणि दोन मीटरपर्यंतचे बारकावे टिपू शकते. शिवाय लहरीच्या सर्व ध्रुवण-अवस्था सोडून आणि स्वीकारून ते प्रतिध्वनीची पूर्ण नोंद घेते, त्यामुळे एकदा आदळून आलेली, दोनदा आदळून आलेली आणि आत विखुरलेली लहर निरनिराळी करता येते. लांब लहरीला छोटे दगड जाणवत नाहीत आणि आखूड लहरीला जाणवतात, तेव्हा दोन्ही लहरींची उत्तरे ताडून पाहिली की दगड आणि बर्फ यांच्यातला संशय पुष्कळ कमी होतो. चांद्रयान-3 चा विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरला, आणि 6 सप्टेंबर रोजी, म्हणजे तिथे रात्र पडल्यानंतर, याच रडारने त्याची प्रतिमा काळोखात घेतली.

चांद्रयान-1 चा शेवटही रडारशीच जोडलेला निघाला. 29 ऑगस्ट 2009 रोजी त्याच्याशी संपर्क तुटला आणि दीड मीटर बाजूचे ते यान हरवले असे मानले गेले. सात वर्षांनी, जुलै 2016 मध्ये, कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील 70 मीटरच्या अँटेनातून चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या वरच्या अवकाशात झोत सोडण्यात आला आणि वेस्ट व्हर्जिनियातील 100 मीटरच्या ग्रीन बँक दुर्बिणीने प्रतिध्वनी टिपला; ठरावीक वेळाने ध्रुवावरून जाणारी ती वस्तू चांद्रयान-1 च होती, आणि ते सुमारे 200 किलोमीटर उंचीवर फिरतच होते.

बर्फाच्या प्रश्नाचा निकाल मात्र केवळ कक्षेतून लागणार नाही. भारत आणि जपान यांनी मिळून आखलेल्या लुपेक्स मोहिमेत, जिला भारतात चांद्रयान-5 म्हणतात, जपानी रोव्हर दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात सुमारे दीड मीटर खोलपर्यंत छिद्र पाडून माती तपासणार आहे. ही खोली चांद्रयान-2 च्या रडारलहरी जिथवर शिरतात त्या मर्यादेच्या आतली आहे, त्यामुळे कक्षेतून नोंदलेला प्रतिध्वनी आणि हाती आलेला नमुना एकाच जागी समोरासमोर ठेवता येतील. तिथे सलग बर्फ लागला तर चांद्रयान-1 च्या चाळीस विवरांचा अंदाज नव्याने बळकट होईल. केवळ कणांत मिसळलेला, थोड्या टक्क्यांचा बर्फ लागला तर 60 कोटी टनांच्या आकड्याविषयीचा संशय वाढेल आणि त्या विवरांचे नकाशे धोंड्यांचे नकाशे म्हणून पुन्हा वाचावे लागू शकतील.